बटाट्यातली बांगडी

आपल्या भाषेत ‘बांगडी’ हा शब्द मोठा मंगल मानला गेला आहे. बांगडी फुटली असे घरातील वडीलधारी बाई म्हणत नाही. ती ‘वाढवली’ असे म्हणते. अशा या सौभाग्यसूचक शब्दाने पुणे जिल्ह्यातील बटाटा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी एका रोगाला नाव द्यावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु रोगट बटाटा मधोमध आडवा कापून पाहिला म्हणजे त्यांच्या नजरेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. सालीच्या थोडे आत, गराला वेढून, तपकिरी रंगाचे एक वर्तुळ उमटलेले असते. अगदी मनगटात घातलेल्या बांगडीसारखे! बटाटा दोन बोटांत दाबला की या बांगडीवर पांढुरके, चिकट थेंब जमतात.

सूक्ष्मदर्शक यंत्र ज्यांनी कधी पाहिले नव्हते, अशा माणसांनी केवळ डोळ्यांनी केलेले हे निदान इतके अचूक होते, की पुढे इंग्रज संशोधकांनीही हे नाव आपल्या लेखनात तसेच घेतले. वनस्पतीच्या देहात मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या ज्या वाहिन्या असतात, नेमक्या त्यांचेच ते वर्तुळ. रोग त्या वाहिन्यांत असतो. शेतकऱ्याने जागा ओळखली होती. जागेवर कोण बसले आहे, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

ते ठाऊक नसल्यामुळे पिकाचे नुकसान होते, हे उघड आहे. पण अज्ञानाने होणारे नुकसान पिकापुरतेच थांबते असे नाही. ते आमच्या घरात कसे शिरले, हे आधी सांगतो.

एका वाड्यात दोन गणपती

आमचे गाव बेळगाव तालुक्यातले. तांबडी जमीन, मुबलक पाऊस. मृगाच्या पावसाबरोबर बटाटा लावायचा आणि दसऱ्याच्या सुमारास काढायचा, हा आमच्या भागाचा जुना परिपाठ. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, आणि त्यांचे धाकटे बंधू तात्या यांची शेते एकाच उतारावर होती. वरच्या अंगाला तात्यांचे, खालच्या अंगाला आमचे. मध्ये एक बांध. वाडा एकच, चूल मात्र दोन.

१९८२ सालची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. त्या वर्षी बाजारात बेणे महाग होते. एका व्यापाऱ्याकडे स्वस्तात माल मिळाला म्हणून आप्पा आणि तात्या यांनी मिळून पोती आणली. पडवीत पोती रिकामी केली गेली आणि आई व काकू दिवसभर विळीवर बसून बटाट्याच्या फोडी करीत राहिल्या. प्रत्येक फोडीला एक-दोन डोळे राहिले पाहिजेत, ही खबरदारी त्या घेत होत्या. आधी आमचे बेणे झाले, मग तात्यांचे. विळी एकच. मधूनमधून एखादा बटाटा आतून तपकिरी निघे. काकू तो बाजूला टाकी आणि दुसरा घेई. विळीचे पाते पुसावे, असे कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

श्रावणाच्या सुरुवातीला तात्यांच्या शेतातील झाडांनी माना टाकल्या. पाने पिवळी पडली नाहीत, की त्यांवर डागही आले नाहीत. हिरवीगार झाडे भरपावसात, पायाशी पाणी असताना, तहानेने व्याकूळ झाल्यासारखी कोमेजली. पंधरवड्याने हाच प्रकार आमच्या शेतात, बांधालगतच्या सऱ्यांपासून सुरू झाला. तात्यांना संशय आला, की आपल्या शेतावर कोणीतरी काहीतरी टाकले आहे. आप्पांना खात्री वाटली, की तात्यांनी मुद्दाम बांध फोडून आपल्या शेतातील घाण पाण्याबरोबर खाली सोडली. पहिल्या दिवशी शब्दाला शब्द लागला. दुसऱ्या दिवशी गावकरी मध्ये पडले. तिसऱ्या दिवशी बोलणे बंद झाले.

आमच्या वाड्यात पूर्वापार एकच गणपती बसे. त्या भाद्रपदात दोन बसले. माजघराच्या अलीकडे आमचा, पलीकडे त्यांचा. आरतीच्या वेळी दोन्हीकडे झांजा वाजत आणि आम्ही मुले आपापल्या बाजूला उभी राहून एकमेकांकडे चोरून पाहत असू. सोसायटीचे कर्ज आप्पांनी चार वर्षांत फेडले. दोन गणपती मात्र तसेच राहिले.

वनस्पतींनाही जंतू छळतात काय?

माणसाला आणि जनावरांना सूक्ष्म जंतूंमुळे रोग होतात, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वनस्पतींच्या बाबतीत मात्र हे सत्य विद्वानांच्या गळी उतरायला बराच काळ लागला. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये जनावरांच्या काळपुळी रोगाचे जीवाणू दाखवून दिले. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे अध्यापक टॉमस बरिल यांनी नासपतीची झाडे जाळल्यासारखी करून टाकणाऱ्या रोगामागे जीवाणूच आहेत, असे प्रयोगांनी मांडले. परंतु युरोपातील पंडितांचा त्यावर विश्वास बसेना. लाइपझिगचे वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर यांनी तर असे प्रतिपादन केले, की रोगट झाडात दिसणारे जीवाणू हे रोगाचे कारण नव्हेत. झाड आधी दुसऱ्याच कारणाने मरते आणि जीवाणू नंतर गिधाडांसारखे जमतात.

या मताला सडेतोड उत्तर दिले ते अमेरिकेच्या शेतकी खात्यातील अर्विन स्मिथ यांनी. एकोणिसावे शतक संपता संपता या दोघांत जो लेखी वाद झाला, तो विज्ञानाच्या इतिहासात गाजलेला आहे. स्मिथ यांची पद्धत साधी व निर्विवाद होती. रोगट झाडातून जीवाणू वेगळे काढावयाचे, ते शुद्ध स्वरूपात वाढवावयाचे, निरोगी झाडात टोचावयाचे आणि तोच रोग उत्पन्न होतो की नाही, ते पाहावयाचे. १८९६ मध्ये त्यांनी टोमॅटो, वांगी व बटाटा यांना मारणाऱ्या एका जीवाणूचे असेच वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या शेतकऱ्यांची ‘बांगडी’ ती हीच.

पुणे जिल्ह्यातील या रोगासंबंधीचे टिपण त्यापूर्वी, १८९२ मध्येच, प्रसिद्ध झाले होते. पुढे १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानच्या शेतकी खात्यात असलेले कॅनेडियन शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी त्या संस्थानातील बटाट्याच्या याच रोगावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे आप्पा आणि तात्या ज्या वर्षी भांडले, त्याच्या सत्तर-ऐंशी वर्षे आधी त्या भांडणाचे उत्तर छापून तयार होते. ते आमच्या पडवीपर्यंत पोचले नव्हते, इतकेच.

या जीवाणूचे नाव शास्त्रज्ञांनी वेळोवेळी बदलले. सध्या तो ‘राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम’ या नावाने ओळखला जातो. २०१४ मध्ये त्याच्या तीन स्वतंत्र जाती मानण्यात आल्या. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तिघांचा स्वभाव सारखाच. पन्नासांहून अधिक कुळांतील दोनशेंवर वनस्पतींना हे घराणे ग्रासते. बटाटा, वांगी, टोमॅटो, मिरची, तंबाखू, आले, भुईमूग, केळी ही त्यांतील आपल्या परिचयाची नावे. आले आणि केळी यांचा अपवाद सोडला, तर आपल्याकडे या रोगाला बहुधा ‘मर’ म्हणतात.

तहानेने मारणारा शत्रू

हा जीवाणू इतका लहान, की एका मिलिमीटरच्या लांबीत सहा-सातशे एकापुढे एक उभे राहतील. तो मातीत असतो. मुळाला खुरप्याचा घाव लागला, सूत्रकृमीने छिद्र पाडले किंवा मुळाला नवा फाटा फुटताना साल जराशी उकलली, की तेवढ्या वाटेने तो आत शिरतो आणि पाण्याच्या वाहिन्या गाठतो. तेथे पोचल्यावर त्याची वाढ विलक्षण वेगाने होते.

त्याच्या वर्तनातील सर्वांत नवलाची गोष्ट शास्त्रज्ञांना १९९० नंतरच्या दशकात उमगली. हे जीवाणू आपली शिरगणती करतात! प्रत्येक जीवाणू एक विशिष्ट रासायनिक द्रव्य बाहेर सोडतो. संख्या थोडी असताना ते द्रव्यही थोडे असते आणि जीवाणू मुकाट्याने राहून आपली वंशवृद्धी करीत असतात. संख्या वाढली, द्रव्य दाटले, की सर्वांना जणू एकाच वेळी इशारा मिळतो आणि ते चिकट बुळबुळीत लाळ निर्माण करू लागतात. या लाळेने वाहिन्या तुंबतात. मुळे पाण्यात उभी असतात, पण पानांपर्यंत थेंब पोचत नाही. म्हणूनच झाड पिवळे न पडता हिरवेच्या हिरवे कोमेजते. दुपारी मान टाकते, सायंकाळी थोडे सावरते आणि तीन-चार दिवसांत कायमचे आडवे होते.

२००२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी या जीवाणूच्या एका वाणाची संपूर्ण जनुकीय संहिता वाचून काढली. ती सुमारे ५८ लाख अक्षरांची आहे आणि तीत पाच हजारांवर जनुके आहेत. भाषेच्या अध्यापकाला अशा वेळी मोठा विनय शिकायला मिळतो. उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जंतूची पोथी आपल्या कोणत्याही ग्रंथाहून थोर निघावी!

ग्लासभर पाण्याची परीक्षा

२०११ च्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या परसबागेत वांगी आणि टोमॅटो लावले होते. दुपारच्या जेवणात मुलांना ताजी भाजी मिळावी, हा हेतू. रोपे गुडघ्याएवढी झाली आणि एके दिवशी पहिल्या वाफ्यातील वांग्याने मान टाकली. मला एकदम १९८२ चा श्रावण आठवला.

आमचा एक माजी विद्यार्थी तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होता. सुटीत तो भेटायला आला असता मी त्याला बागेत नेले. त्याने झाड उपटले, जमिनीलगतच्या खोडाचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापला, पुसून स्वच्छ केला आणि म्हणाला, “गुरुजी, एक काचेचा ग्लास आणि स्वच्छ पाणी मागवा.”

ग्लास टेबलावर स्थिर ठेवून त्याने तो तुकडा वरून अलगद पाण्यात धरला, इतका की खालचे टोक तेवढे बुडावे. वर्गातील मुले भोवती जमली होती. दोन-तीन मिनिटे काहीच घडले नाही. मग कापलेल्या टोकापासून दुधाळ रंगाचा एक बारीक धागा पाण्यात सरळ खाली उतरू लागला. उदबत्तीचा धूर वर जातो, तसा हा खाली येत होता. मागोमाग दुसरा, तिसरा.

“हे सगळे जीवाणूच,” तो म्हणाला. “बुरशीमुळे झाड सुकले असते, तर पाणी असेच स्वच्छ राहिले असते.”

मी त्याला आमच्या शेताची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि बेणे कोठून आणले होते, फोडी कशाने केल्या होत्या, उतार कोणीकडे होता, असे तीनच प्रश्न विचारले. मग म्हणाला, “गुरुजी, रोग पोत्यातूनच आला असणार. विळीने तो एका बटाट्यातून दुसऱ्यात गेला. काकांचे बेणे मागून कापले, म्हणून त्यांच्या वाट्याला अधिक आला असावा. आणि वरच्या शेतातले पाणी खाली उतरणारच. बांध कोणी फोडावा लागत नाही.”

आप्पांचा आरोप अर्धा खरा होता; पाण्याबरोबर रोग आला होता. तात्यांचा संशयही अर्धा खरा होता. बाहेरून काहीतरी त्यांच्या शेतावर पडले होते. दोघांनीही जे शत्रुत्व मानले, ते मात्र पूर्ण खोटे होते. हे दोघांना सांगावे, तर तोपर्यंत दोघेही हयात नव्हते.

त्याच्या वाटा

हा रोग एवढा चिवट का, याचे उत्तर त्याच्या प्रवासात आहे. बेणे ही त्याची पहिली आणि सर्वांत धोक्याची वाट. कारण किंचित रोगट बटाटा वरून पूर्णपणे निरोगी दिसू शकतो. कापणारे पाते ही दुसरी. पाणी तिसरी. नांगराला, कोळप्याला, बैलाच्या खुरांना आणि माणसाच्या पायांना लागलेली माती ही चौथी. वांगेकुळातील तणे ही पाचवी. ही तणे स्वतः फारशी सुकत नाहीत, पण मुळांत जंतूला आश्रय देतात.

प्रगत देशांनाही या वाटांनी चकविले आहे. इंग्लंडमध्ये १९९२ मध्ये आणि हॉलंडमध्ये १९९५ मध्ये बटाट्यावर हा रोग आला, तेव्हा तपासाअंती असे दिसले, की तो नद्या-कालव्यांच्या काठी वाढणाऱ्या वांगेकुळातील एका रानवेलीच्या मुळांत दबा धरून बसला होता आणि तेच पाणी शेतांना दिले जात होते. पुढे १९९८ मध्ये युरोपीय संघाने या रोगाच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र नियम केले. २००३ मध्ये आफ्रिकेतील केनियातून अमेरिकेत गेलेल्या शोभेच्या जिरेनियमच्या कलमांत हा जंतू सापडला, तेव्हा तेथील रोपवाटिकांतून रोपांचा मोठ्या प्रमाणावर नाश करावा लागला. विमानाने प्रवास करणाऱ्या फुलझाडातून जो जातो, तो आपल्या पोत्यातून येणार नाही, असे कसे म्हणावे?

आपल्या देशात कर्नाटक, पश्चिम महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि पूर्वेकडील राज्यांचे काही भाग यांत बटाट्यावरील हा रोग मुळावलेला आहे. गोवा, कोकण आणि केरळ येथील आम्ल, ओलसर जमिनीत वांगी, टोमॅटो व मिरची यांना त्याचा विशेष जाच होतो. वायव्येकडील पंजाब-हरियाणाचे मैदान मात्र यापासून मुक्त मानले जाते. तेथून येणारे खात्रीचे बेणे लावावे, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

औषध कोणते?

झाडाने मान टाकल्यावर या रोगाला औषध नाही. हे वाक्य कटू आहे, परंतु ते शेतकऱ्याच्या घरी पाटीवर लिहून ठेवावे, इतके महत्त्वाचे आहे. कारण याच घटकेला दुकानात धाव घेतली जाते आणि हाती लागेल ती बाटली फवारली जाते. बुरशीनाशकाचा येथे उपयोग नाही, कारण ही बुरशी नव्हे. प्रतिजैविकांची फवारणी पानांवर पडते. शत्रू तर खोडाच्या आत, वाहिन्यांत असतो. शिवाय माणसाच्या क्षयासारख्या दुखण्यावर चालणारी स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे शेतात उधळली, तर जंतू त्यांना सरावतात आणि उद्या रुग्णालयात ती निरुपयोगी ठरण्याची भीती असते. म्हणूनच केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा शेतीतील वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला.

मग करावे काय? जे करावयाचे, ते लावणीच्या आधी. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या शिफारशींचा सारांश असा आहे. बेणे रोगमुक्त भागातील व खात्रीचे असावे. शक्यतो लहान, अखंड बटाटेच लावावेत. फोडी करूच नयेत. उन्हाळ्यात खोल नांगरट करून माती तापू द्यावी. लावणीच्या वेळी हेक्टरी १२ किलो ब्लीचिंग पावडर खताबरोबर सरीत द्यावी. झाडांना भर एकदाच द्यावी आणि मग मुळांना धक्का लावू नये. दोन-तीन वर्षे त्या जमिनीत मका, ज्वारी, भात, कांदा, लसूण किंवा कोबी घ्यावा, म्हणजे जंतूला यजमान मिळत नाही. बटाट्यानंतर वांगी आणि वांग्यांनंतर टोमॅटो लावणे म्हणजे पाहुण्याला एका पंगतीतून उठवून दुसऱ्या पंगतीत बसविण्यासारखे आहे. फोडी करणे अपरिहार्यच असेल, तर दोन विळ्या ठेवाव्यात. एक वापरात, एक जंतुनाशक द्रावणात. आतून तपकिरी बटाटा निघाला, की तो दूर टाकून लगेच विळी बदलावी.

वांगी आणि टोमॅटो यांत रोगाला तोंड देणाऱ्या जातीही तयार झालेल्या आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का केशव’ व ‘अर्का निधी’ या वांग्यांच्या आणि ‘अर्का रक्षक’ ही टोमॅटोची जात त्यांपैकी होत. केरळ कृषी विद्यापीठाचे ‘सूर्या’ वांगे आणि ‘उज्ज्वला’ मिरचीही याच गुणासाठी प्रसिद्ध आहेत. रानवांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम बांधण्याची युक्तीही चांगली फळास आली आहे; मूळ रानटी, काटक, तर फळ घरगुती. बटाट्यात मात्र तितकी भरवशाची जात नाही, म्हणून तेथे सावधपणा हाच खरा आधार.

चिकाटीचे फळ काय मिळते, याचे उदाहरण हैदराबादच्या वाचकांना आपल्याच शहरात सापडेल. भातावरील जीवाणूजन्य करपा हा ‘मर’ रोगाचाच दूरचा भाऊबंद. १९६३ मध्ये त्याने बिहारमध्ये हाहाकार उडविला होता. हैदराबादमधील दोन संशोधन संस्थांनी मिळून लोकप्रिय ‘सांबा मसूरी’ भातात या रोगाला रोखणारी तीन जनुके संकराने आणली आणि ती सुधारलेली जात २००८ मध्ये शेतकऱ्यांना दिली. त्या तीनपैकी एक जनुक मूळचे आफ्रिकेतील माली देशातल्या रानभाताचे आहे. डाळिंबावरील तेल्या आणि कागदी लिंबावरील खैऱ्या हे रोगही जीवाणूंचेच; त्यांच्यावरही अशीच चिकाटी खर्च होत आहे.

घरातल्यांसाठी दोन शब्द

हे वाचणाऱ्या अनेक कुटुंबांचा शेतीशी संबंध आता बाजारातील पिशवीपुरताच उरला असेल. त्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे. बटाटा चिरताना आत तपकिरी बांगडी दिसली, तर घाबरण्याचे कारण नाही. हा जंतू माणसाला बाधत नाही. खराब भाग काढून उरलेला चांगला भाग खाण्यास हरकत नाही. पण त्या साली व तुकडे परसातील आळ्यात किंवा गच्चीवरील कुंडीत टाकू नयेत. स्वयंपाकघरात मोड आलेला बटाटा मुले हौसेने मातीत पुरतात. कुंडीत तो मोह झाला तर चालेल, शेतात नको. आणि गच्चीवरील टोमॅटोने हिरवेपणीच मान टाकली, तर फवारणीची बाटली आणण्याआधी ग्लासभर पाणी घ्यावे.

परसबागेतील त्या प्रयोगानंतर मी गावी गेलो आणि तात्यांच्या थोरल्या मुलाला, माझ्या चुलतभावाला, सगळे समजावून सांगितले. त्याच्यासमोर वांग्याचा एक तुकडा पाण्यात धरूनही दाखविला. तो बराच वेळ ग्लासाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दादा, म्हणजे आईच्या आणि मोठ्या आईच्याच हातून झालं म्हणायचं.”

“हातून नव्हे,” मी म्हणालो, “विळीवरून. त्यांना कोण सांगणार होतं?”

आता तो अखंड बटाटेच लावतो, बेण्याची पोती घेताना दहा-वीस बटाटे कापून पाहतो आणि दोन वर्षे बटाट्याला विश्रांती देऊन मका घेतो. गेल्या काही वर्षांत त्याच्या शेताला मर लागली नाही असे नाही, पण ती चार-दोन झाडांवर थांबते. तो ती मातीसकट उपटून जाळतो, खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाकतो आणि खालच्या शेतात, म्हणजे आमच्याकडे, निरोप धाडतो.

वाड्यात गणपती अजून दोनच बसतात. त्यात आता राग उरलेला नाही, केवळ वहिवाट आहे. आरतीला मात्र आम्ही सगळे आधी अलीकडे आणि मग पलीकडे, असे एकत्र उभे राहतो.